जोत्याची उंची

वैनगंगेच्या काठाने पवनीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर मी उभा होतो, तेव्हा जून सरत आला होता. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. नवतपा सरावा, मृगाच्या दोन-चार सरी पडाव्यात, मातीची धग उतरावी आणि मग इथली घंटा वाजावी, असा या भूमीने मुलांसाठी ऋतूशी केलेला जुना करार आहे. बांधांत पऱ्हे टाकण्याची लगबग होती, ओल्या मातीला वास सुटला होता आणि शाळेच्या भिंतीवर, खिडकीच्या जरा खाली, एक फिकट तपकिरी रेघ आडवी गेली होती. २०२० सालच्या ऑगस्टअखेर आलेल्या पुराची ती खूण. तिच्यावरून चुन्याचे हात फिरले असावेत, तरी ती खालून पुन्हा वर आलेली. माझ्यासोबतच्या वृद्ध गृहस्थांनी तिच्यावर तळवा टेकवला आणि म्हणाले, ‘‘पानी इथवरी आला होता, गा. जोता अजून दोन हात उंच पायजे होता.’’

नेमकी त्याच वेळी, पाचवीत असावी अशी एक मुलगी धाकट्या भावाला पाठंगुळीला घेऊन शाळेच्या पायऱ्या चढत होती. पायऱ्या तीनच. भावाचे पाय तिच्या कमरेशी सैल लोंबत होते. दुसऱ्या पायरीवर ती थांबली, त्याला जरा वर सरकवून घेतले, एक हात भिंतीला टेकवला आणि तिसरी पायरी चढली. ती आत गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिले. जिथे तिचा हात टेकला होता तिथे भिंतीचा रंग काळवंडून गुळगुळीत झाला होता. वर्षानुवर्षे लहान हातांनी तिथेच आधार शोधला होता. इमारत बांधणारा कठडा लावायला विसरला आणि मुलांनी तो स्वतःच्या तळव्यांनी भिंतीवर उमटवून ठेवला. नदी म्हणत होती, जोते उंच हवे. ती मुलगी काही म्हणाली नाही. पण तिच्या थांबण्यात, श्वास घेण्यात, भिंत चाचपण्यात जोते खाली यावे अशी एक विनवणी होती. एकाच दगडाविषयीची ही दोन गाऱ्हाणी ऐकून मी परतलो, आणि तेव्हापासून शाळेच्या इमारतीचा विचार माझ्या मनात त्या जोत्याशीच येऊन थांबतो.

‘शाश्वत’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे दोन शब्द आता शासकीय कागदांत इतके एकत्र येतात की ते जुळ्या भावंडांसारखे वाटावेत. मी त्यांना मनातल्या मनात दोन साध्या क्रियापदांत उतरवून घेतो : टिकणे आणि सामावणे. घर किती पावसाळे सोसते आणि किती जणांना पोटात घेते, एवढेच तर आपली जुनी माणसे विचारीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट आहे. कोरडे, आकड्यांचे, रकान्यांचे. त्यात शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी असावी असे म्हटले आहे आणि त्याच कलमाच्या पोटात, तिच्याच अंगांपैकी एक म्हणून, विनाअडथळा प्रवेश लिहिला आहे. मग मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, आहार शिजवण्याची खोली, खेळाचे मैदान. ज्याने कुणी हा मसुदा रचला त्याच्या मनात काय होते कोण जाणे. मला मात्र त्या मांडणीत एक खोल समज दिसते. जे घर प्रत्येक ऋतूला तोंड देते, त्याच घराने प्रत्येक मुलाला दार द्यायचे आहे.

आपल्या भाषेत ‘पायरी’ हा शब्द फार भारी आहे. चढण्याच्या दगडाला पायरी म्हणतात आणि माणसाच्या ठरवून दिलेल्या जागेलाही पायरीच म्हणतात. ‘आपली पायरी ओळखून राहावे’ हे वाक्य आपल्याकडे किती पिढ्यांच्या कानांत ओतले गेले! पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची चरणधूळ लागावी म्हणून एकाने पायरी मागून घेतली आणि दुसऱ्याला पायरीच्या पलीकडे जाऊच दिले नाही. दगड शेजारी-शेजारी आहेत, पण त्यांच्यातले अंतर ओलांडायला सहाशे वर्षे आणि १९४७ सालचे साने गुरुजींचे उपोषण लागले. साताऱ्याच्या शाळेत लहानगे भीमराव घरून गोणपाट नेत, त्याच्यावर वेगळे बसत आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबत, कारण नळाला हात लावण्याची त्यांना परवानगी नव्हती. शिपाई नसला तर पाणीही नव्हते. हे त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या शाळेत नळ होता, पाणी होते, छप्पर होते, गुरुजी होते. बांधकाम खात्याच्या नोंदवहीत ती शाळा परिपूर्ण ठरली असती. १९५४ साली हेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. भंडाऱ्याच्या एखाद्या शाळेत पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो की मला हा पराभव आणि तो नळ एकाच वेळी आठवतात, आणि तोटी किती उंचीवर आहे, सर्वांत लहान मूल कुणालाही न विनवता पाणी पिऊ शकते का, हे मी पाहतोच. कारण तोटीच्या उंचीतही कुणाची तरी पायरी ठरत असते.

वैनगंगेकाठच्या त्या शाळेला ‘रॅम्प’ होता, हे सांगायला हवे. इमारतीच्या बाजूला, मागाहून ओतलेला, एखाद्या विसरलेल्या गोष्टीची आठवण झाल्यावर घाईने केलेल्या सोयीसारखा. त्याचे वरचे टोक ओसरीला लागत होते आणि खालचे टोक चिखलात संपत होते. लांबी दोन-अडीच पावले. तीन पायऱ्यांची उंची साधारण अर्धा मीटर धरली, तर एकास बारा या मान्य प्रमाणाने चाकाच्या खुर्चीला सुखाने चढता येईल असा उतार सहा मीटर लांब लागतो. पुराच्या भयाने जोते पाऊण मीटर केले तर नऊ मीटर, आणि मधे विसाव्याला सपाट जागा. म्हणजे नदीपासून वाचण्यासाठी उचललेल्या प्रत्येक वितीची किंमत अंगणात बारा वितींनी चुकवावी लागते. हे गणित काही अवघड नाही, तिसरी-चौथीच्या मुलांना सोडवता येईल. पण ते नकाशा काढतानाच सोडवावे लागते. इमारत उभी राहिल्यावर सोडवायला गेले की मग अडीच पावलांचा कडा तयार होतो, ज्याच्यावरून आधाराशिवाय कुणी चढू शकत नाही आणि पावसात तर धडधाकट मूलही घसरते.

बांगलादेशातल्या दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे गाव आहे. आपल्या झाडीपट्टीसारखाच धानाचा मुलूख, तशीच मुबलक माती, तसाच बांबू. आना हेरिंगर या वास्तुशिल्पी बाईंनी तिथे गावकऱ्यांच्या हातांनी मातीची एक शाळा उभारली आणि काही वर्षांनी ‘आनंदालय’ नावाची दुसरी इमारत. खाली अपंग मुला-माणसांसाठी उपचार केंद्र, वर गावातल्या बायकांची शिवणकामाची कार्यशाळा. या इमारतीला बाहेरून वळत वळत वर नेणारा एक मातीचा उतार आहे, आणि तो इतका देखणा आहे की इमारतीकडे पाहताना डोळा प्रथम त्याच्यावरच जातो. लहान मुले त्याच्यावरून धावतात, खाली सावलीत गुहेसारख्या जागा झाल्या आहेत तिथे बसतात, आणि ज्याला पायांनी चढता येत नाही तोही त्याच वाटेने, त्यांच्याचबरोबर वर जातो. मी तिची छायाचित्रे पाहिली तेव्हा बराच वेळ पान उलटवू शकलो नाही. ज्या गोष्टीला आपण बाजूला, मागच्या दाराशी, लाजत जागा देतो, तिलाच या बाईंनी वास्तूचा मुख्य अलंकार केले होते. सामावून घेणे म्हणजे एका वेगळ्या वाटेची सोय करणे, असे आपण समजत आलो. तिथे वाटच एक ठेवली होती.

मात्र माझ्या मनात शाळेचे जे पहिले चित्र आहे ते जोत्याचे नाही, छपराचे आहे. भंडारा-गोंदियाच्या बाजूला घरे कवेलूंची. कुंभाराने थापलेली, अर्धगोल, एकमेकांत गुंतवलेली, सागाच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर तोललेली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा त्या कवेलूंच्या असंख्य फटींतून तापलेली हवा वर निघून जाई आणि जाड मातीच्या भिंतींमागे, छपरीत, एक हिरवट गारवा दिवसभर टिकून राही. जुन्या शाळाही अशाच असत : उंच आढे, लांब ओसरी, खाली शेणाने सारवलेली जमीन. आता बहुतेक ठिकाणी स्लॅब आहे. दिवसभर सूर्य गिळून बसलेला तो सपाट दगड दुपारनंतर मुलांच्या डोक्यांवर ती उष्णता संथपणे ओतत राहतो. परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात. सकाळची शाळा करून आपण त्यातून वाट काढतो, म्हणजे इमारत ऋतूला शरण गेल्यावर घड्याळाला वाकवतो.

पण कवेलूंच्या आठवणीने मी हळवा झालो तरी त्यांच्या जाण्याची कारणे विसरू नयेत. माकडांचे कळप कवेलू फोडतात. फटींतून विंचू उतरतात. दरवर्षी मृगापूर्वी कुणीतरी छपरावर चढून एकेक कवेलू फेरावे लागते, फुटके काढून नवे बसवावे लागते. आणि ते हात आता नागपूरच्या, पुण्याच्या, हैदराबादच्या बांधकामांवर गेले आहेत, तिथे स्लॅब ओतत आहेत. कुंभाराच्या आव्यालाही आता मोजकेच गिऱ्हाईक उरले. शाकारणी हा शब्द आमच्या पिढीपर्यंत तरी पोचला. तो केवळ दुरुस्तीचा शब्द नव्हता, वर्षातून एकदा घराकडे पुन्हा पाहण्याचा तो विधी होता. आपण मात्र असे छप्पर मागितले की ज्याच्याकडे पुन्हा कधी पाहावेच लागू नये, आणि ते मिळालेही. गळू लागेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. टिकाऊपणाची आपली कल्पना इथेच कुठेतरी चुकली असे मला वाटते. न झिजणारी वस्तू आपण टिकाऊ समजलो. खरे तर जिच्या झिजण्याची काळजी घेणारे हात जवळपास राहतात ती वस्तू टिकते.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, तिथल्या गांदो या खेड्यातला फ्रान्सिस केरे नावाचा मुलगा लहानपणी शंभरावर मुलांनी भरलेल्या, अंधाऱ्या आणि तापलेल्या वर्गात बसून शिकला. पुढे तो जर्मनीत गेला, तिथे वास्तुकला शिकत असतानाच २००१ साली त्याने आपल्या गावासाठी शाळा बांधली. मातीत थोडे सिमेंट मिसळून केलेल्या विटा, विटांचेच छत, आणि त्या छताच्या बरेच वर, लोखंडी सांगाड्यावर तरंगत ठेवलेला पत्रा. सूर्य पत्र्यावर पडतो, पत्रा तापतो, पण पत्रा आणि छत यांच्या मधून वारा वाहत असतो, त्यामुळे खालच्या वर्गात ती धग पोचत नाही. मुलांनी दगड वाहिले, बायकांनी एका तालात जमीन चोपून गुळगुळीत केली. २०२२ मध्ये या माणसाला वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. ही सगळी युक्ती आपल्या ओट्यावर बसून सांगितली तर भंडाऱ्याचा कोणताही जुना सुतार मान डोलावील. त्याला ती परकी वाटणार नाही. छपराला श्वास घ्यायला जागा ठेवावी, उन्हाला पूर्व-पश्चिमेला आखूड भिंत दाखवावी, उत्तरेचा उजेड फळ्यावर घ्यावा आणि दक्षिणेला ओसरी पुढे ओढावी, हे ज्ञान त्याच्या हातांत होतेच. प्रत्येक जिल्ह्याला एकच नकाशा पाठवताना आपण त्याला विचारायला विसरलो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून इथे कोहळी समाजाच्या माणसांनी जंगल हटवून, चढउताराची नाडी ओळखून, पाळी बांधल्या आणि पावसाला अडवले. तेच आजचे माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडचे मामा तलाव. या तलावांकडे पाहताना मला नेहमी वाटते की शाळा कशी बांधावी याचा पहिला धडा इथल्या माणसांनी पाण्यावर गिरवून ठेवला आहे. तलाव बांधणारा स्वतःपुरता बांधत नाही. पाळीवर लावलेले झाड त्याच्या नातवाला सावली देते, पाटाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत कसे पोचेल हे पहिल्या दिवशीच ठरवावे लागते, आणि गाळ काढण्याची पाळी गावावर येते तेव्हा ती सर्वांवर येते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मालगुजारी संपली, ती संपायलाच हवी होती, पण तलाव सरकारच्या वहीत गेले आणि गाळ काढणारे हात कुणाचे, हे ठरायचे राहून गेले. शाळांचेही पुष्कळसे तसेच झाले. छप्पर कुणाचे, भिंत कुणाची, तोटी गळते तर प्लंबर कुणी बोलवायचा, याचे उत्तर एका पंचायतीपासून दुसऱ्या कार्यालयापर्यंत फिरत राहते आणि तोवर तोटी गळत राहते.

याच भूमीवर एकदा शाळेला जमीन देण्याचे स्वप्न पाहिले गेले होते, हे आता फार कुणाला आठवत नाही. भंडारा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९३७ साली प्रांतात पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि शिक्षण खाते सांभाळणाऱ्या रविशंकर शुक्लांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. गावाने शाळेला शेत द्यावे, त्या शेताच्या उत्पन्नातून गुरुजींचा पगार आणि शाळेचा खर्च निघावा, अशी ती कल्पना; तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्याला प्रशिक्षण शाळाही निघाली. शाळेचा चरितार्थ दरवर्षी वरून येणाऱ्या अनुदानावर अवलंबून राहू नये, ती गावच्या मातीत मुळे धरून उभी राहावी, हा विचार आजही मला मोहवतो. पण त्या योजनेच्या नावातल्या ‘मंदिर’ या शब्दाने अनेक मुसलमान पालक दुखावले, त्यावरून प्रांतभर वाद झाला. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनाही मागे पडली. मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यात टिकणे आणि सामावणे यांची ताटातूट लख्ख दिसते. जमीन होती, हेतू निर्मळ होता, हिशेब पक्का होता. पण दारावरची अक्षरे वाचून काही मुलांच्या घरच्यांना वाटले की हे दार आपले नाही. पायरी दगडाचीच असते असे थोडेच आहे!

आपण इमारत डोळ्यांनी पाहतो, म्हणून तिचे इतर अन्याय आपल्या लक्षात येत नाहीत. पत्र्याचे छप्पर असलेल्या वर्गात आषाढाची सर कोसळू लागली की गुरुजींचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द मात्र पोचत नाही. वीस-पंचवीस मिनिटे सगळा वर्ग बहिरा होऊन बसतो. मग मुले हसतात, एकमेकांना खुणा करतात, कुणी गुरुजींच्या ओठांवरून पाढा ओळखण्याचा खेळ खेळते. पाऊस थांबतो, खेळ संपतो. पण त्या वर्गात कमी ऐकू येणारे एखादे मूल असेल तर त्याच्यासाठी ती सर वर्षभर कोसळत असते. छताखाली बांबूची एक चटई ताणून बांधली तर तो कोलाहल पुष्कळ कमी होतो आणि उन्हाची धगही अडते. एकाच चटईने दोन कामे होतात. खिडकीची पट्टी मोठ्या माणसाच्या कमरेइतकी उंच ठेवतात आणि मुले तर सतरंजीवर, जमिनीवर बसतात. त्यांना वर्षभर आकाशाचा एक तुकडा दिसतो, बांधी दिसत नाही, रोवणी दिसत नाही, आपली आई कोणत्या बांधीत वाकली आहे ते दिसत नाही. मंद दृष्टीच्या मुलाला करड्या ओट्यावरची करडी पायरी दिसतच नाही. तिच्या कडेला हातभर लांब पिवळा पट्टा ओढायला एक ब्रश आणि पावशेर रंग लागतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे ओळखली, ते योग्यच झाले. मला मात्र वाटते की प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा पावसात, पत्र्याखाली, डोळे मिटून आपल्या वर्गात एक तास बसावे, म्हणजे कायद्याचे पान उघडावे लागणार नाही.

काही गोष्टींवर थोडेच बोलवते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याआधी २००४ साली तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आहार शिजवण्याच्या खोलीतून आग पसरली आणि चौऱ्याण्णव मुले गेली. ज्या जिल्ह्याने ती पहाट पाहिली त्याला दार बाहेरच्या बाजूने उघडणारे असावे, जिन्याखाली मोडके बाक कोंबू नयेत, स्वयंपाकाची खोली वर्गांपासून सुटी असावी, या गोष्टी तपशील म्हणून सांगता येत नाहीत. आणि दाराशी पोचायला ज्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याचा वर्ग सर्वांत आत, सर्वांत वर का असावा?

शाळेची इमारत म्हणजे तिच्यापर्यंतची वाटही. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियम आहे. पट कमी झाला म्हणून एक शाळा मिटली की हे अंतर कागदावर थोडे आणि लहान पायांना फार वाढते, आणि पाठंगुळीला भाऊ असला तर त्याहून वाढते. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ नंतर बोर्डीला, पुढे कोसबाडला, हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे घेऊन कुरणात जातात तर शाळा कुरणात जाईल, म्हणून कुरणशाळा. तिथे भिंतच नव्हती, तरी मी जी जी वास्तू पाहिली आणि वाचली तिच्यात मला कुरणशाळा सर्वांत मोठी वाटते. ज्या दोघींनी भिंतीच्या आधी मूल पाहिले, त्यांच्या हातून मग भिंतही योग्य जागी उभी राहिली असती.

परतण्यापूर्वी पवनीत जगन्नाथ टेकडीपाशी मी थांबलो. १९६९-७० च्या उत्खननात तिथे इसवीसनापूर्वीचा स्तूप सापडला. ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे कोरलेले दगड निघाले. कुणी एक शिळा दिली, कुणी कठड्याचा एक भाग. इतकी मोठी वास्तू, पण ती अनेक लहान हातांनी वाटून घेतलेली. सायंकाळ होत होती, खाली वैनगंगा गढूळ होऊ लागली होती आणि मी मनात हिशेब करत होतो की आपण आज बांधलेली शाळा तीस-चाळीस वर्षांत ‘धोकादायक’ म्हणून पाडावी लागते, आणि हे विटांचे थर दोन हजार वर्षांनंतरही आपला गोलावा विसरलेले नाहीत. काळाशी स्पर्धा करावी असे मला वाटत नाही; शाळेने दोन हजार वर्षे टिकण्याची गरजही नाही. तिने एका मुलाच्या बालपणाएवढे, पण प्रत्येक मुलाच्या बालपणाएवढे टिकावे. आणि जिथे दात्यांची नावे कोरतात तिथे, दर्शनी भिंतीवर, उद्घाटकाच्या नावाखाली, छप्पर दरवर्षी कुणी पाहायचे त्याचेही नाव असावे.

त्या गावच्या शाळेला आता नवी इमारत मंजूर झाली आहे, असे मला पुढे कळले. नकाशा अजून मी पाहिलेला नाही. जोते पुराच्या रेघेच्या वर जाणार, हे नक्की. ते जायलाच हवे. वाचकहो, तुमच्याही गावी शाळेचे काम निघेल किंवा निघाले असेल, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला तुम्हाला बोलावतील. जाताना खिशात एक टेप ठेवा. जोत्याची उंची मोजा, तिला बाराने गुणा, आणि तेवढ्या लांबीचा उतार दर्शनी दाराशी, सर्वांच्या वाटेवर, मावतो की नाही ते अंगणात चालून पाहा. नकाशावर सही त्यानंतर करा.